कल्चरचा रिपोर्ट पाच दिवसांनी का?

डिचोलीच्या एका वाचक आईने विचारलं आहे: मुलाच्या सीबीसीचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळाला, मग ब्लड कल्चरलाच पाच दिवस का? यंत्र जुनं असतं का?

यंत्राचा दोष नाही. सीबीसीत रक्तात आहे ते मोजायचं असतं. कल्चरमध्ये जंतू आधी वाढवावे लागतात. टायफॉइडमध्ये तर एक मिलीलीटर रक्तात जेमतेम एखादाच असतो. बाटलीतल्या पोषक द्रवात, अंगाच्या उबेत, ई. कोलायसारखा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब करून पाहा, आठ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाख! ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि एका प्रकारच्या बाटलीच्या बुडाची निळसर-हिरवी चकती पिवळी पडते. यंत्र डोळ्यात तेल घालून तेवढंच बघत असतं. बहुतेक जंतू पहिल्या दोन दिवसांतच सापडतात. पुढचं थांबणं सावकाश वाढणाऱ्यांसाठी. अत्यवस्थ मुलाचं औषध मात्र तोवर थांबवत नाहीत.

यंत्रांचं कौतुक फार होतं, पण निम्मा निकाल सुईपाशीच लागतो. विहिरीत चारच मासे असतील, तर कळशीभर पाणी उपसून 'मासे नाहीत' म्हणता येईल का? दहा किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे ८०० मिलीलीटर रक्त असतं. त्यातलं दोन-तीन मिलीलीटर घेतलं तरी आईबाप कासावीस होतात, मग अर्ध्यावरच भागवलं जातं. कातडी नीट पुसली नाही, तर तिच्यावरचेच जंतू बाटलीत शिरतात आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं.

तापात टायफॉइड शोधायला आपल्याकडे अजून सर्रास विडाल चाचणी करतात. १८९६ची ही पद्धत त्या काळी थोरच. पण ती जंतू नव्हे, प्रतिपिंडं बघते, आणि जुन्या संसर्गानेही पॉझिटिव्ह येते. २०१८मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या लाखभर मुलांना टायफॉइडची लस दिली, तेव्हा तिचा परिणाम जोखायला ब्लड कल्चरच धरलं. अर्थात तेही टायफॉइडच्या दहांतले सहाच रुग्ण पकडतं.

अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं असेल, तर त्याहूनही कमी. म्हणून पेडण्याहून असो की साखळीहून, मुलाला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) नेताना घरी दिलेल्या औषधाची पट्टी बरोबर न्या आणि डॉक्टरांना आधी ती दाखवा.