कधी चालू, कधी बंद : जुन्या गाडीतला लपलेला बिघाड

आम्ही हट्ट्याहून बोलतोय. आज गाडीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, गाडी हा काय बायांचा विषय आहे? पण जिच्या बचतीतून गाडी घेतली, तिचा तो विषय आहेच.

आमच्या गटाने एक जुनी छोटी गाडी घेतली. वसमतला पेशंट न्यायचा, पापड-मसाल्याचा माल बाजारात पोचवायचा, एवढ्याच कामासाठी. महिन्याभरात तिने रंग दाखवला. सकाळी दारातून झटक्यात चालू व्हायची. वसमतला जाऊन थांबली, की चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्'. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण सेल्फ फिरायचा नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू! मिस्त्रीकडे नेली, की तिथे काहीच बिघाड नाही. "बॅटरी बदला," म्हणाले. बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

एकदा गाडी वसमतहून नुकतीच परतली होती आणि रात्री एका लेकीला कळा सुरू झाल्या. तिला गाडीत बसवलं, तर 'टक्' करून गाडी गप्प. १०८ ला फोन केला, अँब्युलन्स आली, ती सुखरूप पोचली. पण आम्ही ठरवलं, बिघाड सापडल्याशिवाय या गाडीत पेशंट बसवायचा नाही.

येऊन-जाऊन असणारा बिघाड मनमानी करत नाही. तो कशाच्या तरी सोबतीने येतो. उष्णता, धक्के, ओलावा किंवा जादा करंटची गरज, यांपैकी काहीतरी असतं. ते ओळखायचं साधन म्हणजे वही. गाडी बंद पडली, की चार गोष्टी लिहायच्या : वेळ काय, गाडी किती चालून आली होती, पाऊस किंवा धुणं झालं होतं का, आणि काय चालत होतं, काय नाही. आम्ही तीन आठवडे लिहिलं. सहा वेळा बंद पडली आणि सहाही वेळा गाडी लांबून, तापून आलेली होती. सकाळी थंड असताना एकदाही नाही. ती बाळंतपणाची रात्रही यातच बसली.

आता थोडं करंटचं समजून घेऊ. बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीत यावा लागतो. घरात त्याला दोन वायर असतात. गाडीत परतीची वायर म्हणजे गाडीचं लोखंडी अंगच. बॅटरीच्या उणे टोकापासून एक जाड वायर बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते. तिला अर्थ वायर म्हणतात. तिचा सांधा गंजला, की ठिबकच्या नळीत कचरा अडकल्यासारखं होतं. थेंब थेंब पाणी येतं, पण जोराची धार येत नाही. पुढच्या दिव्याला साधारण ५ अँपिअर करंट लागतो, तो येतो. सेल्फला १०० अँपिअर किंवा जास्तही लागतो, तो येत नाही. म्हणून दिवे लागतात आणि सेल्फ 'टक्' करतो. तापल्यावर असा सांधा आणखी बिघडतो.

हे तपासायला काही शे रुपयांचं मल्टीमीटर पुरतं. ते डीसी २० व्होल्टवर ठेवा. आधी बॅटरी मोजा. भरलेली, थांबलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले, तर चार्जिंग ठीक. आता एक टोक बॅटरीच्या उणे खांबाला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा आणि एकीने चावी फिरवायची. आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थचा रस्ता खराब. मात्र हे बिघाड दिसतो त्याच वेळी करायचं. सकाळी थंड गाडीवर केलं, तर मीटरही 'सगळं ठीक' म्हणेल. आम्ही वसमतहून येताच, गाडी तापलेली असताना मोजलं. आकडा ३ व्होल्टच्या वर गेला.

अर्थ वायरचा बोल्ट उघडला, तर खाली गंज आणि रंगाचा थर. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट आवळला, वर व्हॅसलिन लावलं. खर्च एका पॉलिश पेपरचा. त्यानंतर गाडी तापूनही चालू होते.

प्रत्येक गाडीत हेच असेल असं नाही. गाडीच्या मागे लागणारी आणखी कारणं अशी : बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड, घासलेला चावीचा स्वीच, सैल बसलेला फ्यूज किंवा रिले, टेप आणि हॉर्न बसवताना जोडून टेप गुंडाळलेल्या वायरी, आणि धान्याजवळ गाडी उभी केल्यास उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. वायर हलवून पाहा. हलवताच दिवा मिचकावला, तर चोर तिथेच आहे.

काम करताना हे नक्की पाळा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा, पदर कमरेला घ्या. गरम गाडीचा पंखा बंद असतानाही अचानक फिरू शकतो. टर्मिनल काढताना आधी उणे, लावताना उणे शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला, तरी ठिणगी उडत नाही. फ्यूज उडाला, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तार किंवा चांदी कागद घालाल, तर फ्यूज नाही, वायर जळेल.

मिस्त्रीला भाग बदलायला सांगण्याआधी वही त्याच्यासमोर ठेवा. "दादा, तापल्यावरच बंद पडते, तापल्यावरच बघा," एवढं सांगितलं, तरी तो योग्य जागी हात घालतो आणि गटाचा पैसा वाचतो. आणि गाडी कितीही नीट झाली, तरी बाळंतपणाला १०८ आणि १०२ चे नंबर तोंडपाठ ठेवा. आमची गाडी दुसरा आधार आहे, पहिला नाही.