एक नट, बावन्न माणसं

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये डॉ. लक्ष्मण देशपांडे एकट्यानं ५२ पात्रं उभी करत. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाचं नाव त्यासाठी गिनीज बुकात गेलं. मुंबई-पुण्याबाहेर वाढलेला, मराठवाडी बोलीतला हा प्रयोग पुढं परदेशातही गाजला. त्याआधी, १९६१मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगवली होती. सुषमा देशपांडे यांचं ‘व्हय, मी सावित्रीबाई’ तर एका बाईच्या निवेदनावर उभं आहे.

अशा एकपात्री प्रयोगात पात्रं बदलतात ती बहुतेक नजरेनं. बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलताना नट डावीकडे, कमरेच्या उंचीवर बघतो. म्हातारा झाला की उजवीकडे, वर. हा कोन प्रयोगभर हलता कामा नये. उपरणं डोक्यावर घेतलं की पदर, कमरेला गुंडाळलं की हमाल. पाण्याचा तांब्या नेपथ्याचाच भाग करून टाकावा, कारण विंगेत जायला उसंत नसते.

छोट्या नाट्यगृहात पहिली रांग हाताच्या अंतरावर असते. तिथं माइक नसलेलाच बरा; कुजबूजही पोचते. (चिवड्याची पुडीही पोचते.) प्रकाशयोजना मोजकी ठेवावी. नटानं मधला परिच्छेद गाळला, तर सावरून घ्यायला प्रकाशयोजनाकाराला संहिता पाठ हवी. समोरून वाक्य द्यायला दुसरा नट नसतो.

आणि नट एकच असला तरी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच. संहिता वेळेत पाठवा.