अमेरिकेतल्या कॉलेजांत खरंच ‘सगळेच’ हुकअप करतात का? संशोधन काय सांगतं?

अमेरिकन कॉलेजवरची एखादी वेब सिरीज लावा. दुसऱ्या एपिसोडपर्यंत पार्टी होते, लाल प्लास्टिकचे ग्लास दिसतात आणि सकाळी कुणीतरी भलत्याच खोलीत जागं होतं. आपल्याला वाटतं, तिकडे सगळ्यांचं हेच चालतं. गंमत म्हणजे तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनाही तसंच वाटतं.

आधी शब्द समजून घेऊ. हुकअप म्हणजे नात्याची कमिटमेंट न ठेवता आलेली शारीरिक जवळीक. पण त्यात चुंबनापासून संभोगापर्यंत काहीही येतं. त्यामुळे ‘काल आमचं हुकअप झालं’ एवढंच कुणी सांगितलं की उरलेलं ऐकणारा आपल्या मनाने भरतो. आणि भरताना हात आखडता घेत नाही!

आता आकडे. मार्टिन मोंटो आणि अ‍ॅना कॅरी यांनी १९८८ ते १९९६ आणि २००४ ते २०१२ या दोन काळांतल्या १८ ते २५ वयाच्या, कॉलेज पाहिलेल्या तरुणांची तुलना केली. वर्षभरात एकापेक्षा जास्त जोडीदार असल्याचं सांगणारे आधी ३१.९ टक्के होते, नंतर ३१.६ टक्के. म्हणजे फरक जवळपास शून्य. बदललं ते इतकंच, की जोडीदार म्हणून मित्र किंवा तात्पुरती ओळख असलेली व्यक्ती सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. समाजशास्त्रज्ञ लिसा वेड यांच्या मते, पदवी घेऊन बाहेर पडणारा सरासरी विद्यार्थी चार वर्षांत आठ हुकअप सांगतो. सेमिस्टरला एक.

मग हा गैरसमज टिकतो कसा? सरांनी ‘समजलं का?’ विचारल्यावर वर्ग कसा गप्प बसतो, आठवा. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना समजलंय. मानसशास्त्रात याला ‘प्लुरलिस्टिक इग्नोरन्स’ म्हणतात.

ट्रेसी लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना हुकअपबद्दल नेमकं हेच विचारलं. मुलगे असोत वा मुली, दोघांचंही उत्तर होतं की आपल्यापेक्षा इतरांना हे सगळं जास्त सहज वाटतं. शिवाय मुलींना जेवढं चालतं, त्यापेक्षा जास्त चालत असेल असा मुलग्यांचा समज होता. मुलींचाही मुलग्यांबद्दल तसाच.

खरा धोका इथे आहे. बंद खोलीत दोघंही अवघडलेले असू शकतात, पण ‘हिला चालतंय’, ‘याला चालतंय’ असं धरून पुढे जातात. ‘नको’ म्हणणाऱ्याला वाटतं, आपणच जगावेगळे. आणि समोरचा ते विचारतच नाही, कारण त्याच्या लेखी उत्तर आधीच ठरलेलं असतं.