जॉर्जिया ओकीफ यांची पुष्पचित्रे

अमेरिकन आधुनिकतावादी चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ (१५ नोव्हेंबर १८८७ – ६ मार्च १९८६) यांनी १९२४ पासून रंगविलेली भव्य आकाराची पुष्पचित्रे विसाव्या शतकातील नवचित्रकलेत विशेष गाजली. ही फुले स्त्रीदेहाची प्रतीके होत, असे अनेक समीक्षकांनी मानले. ओकीफ यांनी मात्र हा अर्थ अखेरपर्यंत नाकारला.

स्वरूप

या चित्रांत सहसा फुलदाणी नसते आणि पार्श्वभूमीही नाममात्रच असते. एकच फूल इतके मोठे केलेले असते की, पाकळ्या चौकटीला भिडतात. ‘ब्लॅक आयरिस’ (१९२६, मेट्रोपॉलिटन म्युझियम, न्यूयॉर्क) या सुमारे तीन फूट उंचीच्या चित्रात वरच्या पाकळ्या फिकट राखी-गुलाबी असून खाली रंग गडद होत काळसर जांभळा होतो. पाकळ्यांच्या घड्या त्वचेसारख्या मऊ भासतात. ‘जॅक-इन-द-पल्पिट’ (१९३०) ही सहा चित्रांची मालिका सुरणाच्या कुळातील एका रानफुलाची आहे. तिच्यात फूल क्रमाने जवळ येत जाते आणि शेवटच्या चित्रात केवळ मधला दांडा उरतो. वस्तू अगदी जवळून टिपण्याच्या या रीतीवर पॉल स्ट्रँड यांच्या छायाचित्रणाचा प्रभाव आहे.

प्रतीकार्थाचा वाद

देहसूचक अर्थ या फुलांच्याही आधीचा आहे, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. ओकीफ यांचे पुरस्कर्ते व पुढे पती झालेले छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९२१ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांची छायाचित्रे प्रदर्शित केली. त्यांपैकी काही नग्न होती. फ्रॉइडच्या विचारांचाही तो बहराचा काळ होता. त्यामुळे फुले रंगविली जाण्यापूर्वीच प्रेक्षकांची दृष्टी घडलेली होती. १९३९ च्या एका प्रदर्शन-पुस्तिकेत ओकीफ यांनी उत्तर दिले. धावपळीतल्या शहरवासीयांनी थांबून फूल पाहावे म्हणून आपण ते मोठे केले. प्रेक्षकांनी मात्र स्वतःच्याच कल्पना त्यावर लादल्या, असा त्याचा आशय होता.

१९७० च्या दशकात स्त्रीवादी कलावंतांनी तोच अर्थ अभिमानाने स्वीकारला. जूडी शिकागो यांच्या ‘द डिनर पार्टी’ (१९७९) या कलाकृतीतील ३९ आसनांपैकी शेवटचे ओकीफ यांचे आहे. या गौरवापासूनही त्या दूरच राहिल्या.

त्यांच्या सुमारे २,००० कलाकृतींपैकी पुष्पचित्रे जेमतेम २०० आहेत. त्यांतील धोतऱ्याच्या पांढऱ्या फुलाचे ‘जिमसन वीड’ (१९३२) हे चित्र २०१४ मध्ये ४ कोटी ४४ लाख डॉलरला विकले गेले. स्त्री-कलावंताच्या चित्राला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वोच्च किंमत होती.