तंबू माणसासाठी नाही, सामानासाठी: डेझीतले गैरसमज

डेझीत तंबू हाती लागला की नवखा खेळाडू हुश्श करतो. चला, रात्र काढायला जागा झाली! असं वाटणं साहजिक आहे, पण त्याचं नुकसान इथूनच सुरू होतं. या खेळातला तंबू खोपटाचं काम करत नाही, पेवाचं करतो. ज्याला हे लवकर कळतं, तो चेर्नारूस या खेळाच्या नकाशात टिकतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डीन हॉल यांनी २०१२ साली ‘आर्मा २’ या युद्धखेळावर डेझी हे झोंबींच्या जगात टिकून राहण्याचं मॉड, म्हणजे मूळ खेळाचं बदललेलं रूप, रचलं. पुढे चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने त्याचा स्वतंत्र खेळ केला. तो डिसेंबर २०१३ मध्ये कच्च्या रूपात आला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण झाला. तंबू मात्र मॉडच्या काळापासून आहेत, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच जुने असावेत.

गैरसमज: तंबूत झोपलं की थंडी-पावसापासून आणि झोंबींपासून जीव वाचतो.

डेझीत झोपेची गरजच नाही. भूक, तहान, आजार आणि शरीराची ऊब या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. ऊब येते ती कोरड्या, जाड कपड्यांमधून आणि शेकोटीतून. भिजलेला सदरा अंगावर ठेवून तंबूत बसलात तर कुडकुडतच बसाल. आधी कपडे पिळा, आग पेटवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या साखाल या बर्फाळ बेटावर तर हा धडा पहिल्या काही मिनिटांतच मिळतो.

खेळ बंद करताना तंबूत असणंही तसं निरुपयोगीच. बाहेर पडल्यावर थोड्या वेळात तुमचं पात्र सर्व्हरवरून नाहीसं होतं, मग ते तंबूत असो की झुडपात. आणि मेल्यावर नवं पात्र तंबूत उठत नाही, किनाऱ्यावरच उठतं.

गैरसमज: मग तंबू हवाच कशाला?

याचं उत्तर मरणात आहे. डेझीत मेलात की त्या पात्राचं सगळं संपतं. नवं पात्र अंगावरच्या साध्या कपड्यांनिशी किनाऱ्यावर उभं राहतं. तुमच्या प्रेतावरची बंदूक दुसरा कोणीतरी नेतो, आणि कोणी नेली नाही तरी काही वेळाने प्रेतच नाहीसं होतं. तंबूतलं सामान मात्र जागच्या जागी राहतं, कारण ते तुमच्या पात्राशी नव्हे, तर सर्व्हरशी बांधलेलं असतं. आतली टेट्रासायक्लिनची पाकिटं, डबाबंद खाणं, सुईदोऱ्याचा संच, जादा बूट हे सगळं पुढच्या जन्माला उपयोगी पडतं. म्हणून तंबूत केवळ बंदुका रचणं मला पटत नाही. किनाऱ्यावरून उपाशीतापाशी चालत आलेल्या नव्या पात्राला आधी अन्न, औषध आणि पादत्राणं लागतात.

अधिकृत सर्व्हरवर एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिथे तुमचं पात्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाऊ शकतं, तंबू जात नाही. ज्या सर्व्हरवर लावला, तिथेच तो सापडेल.

गैरसमज: तंबू बंद केला की सामान सुरक्षित.

तंबूला कुलूप नसतं. आकड्यांचं कुलूप कुंपणाच्या फाटकाला लागतं, कापडाला नाही. तंबूची पुढची बाजू खाली सोडलीत तरी येणारा कोणीही ती उघडून सामान नेऊ शकतो. आणि येणारे झोंबी नसतात. त्यांना तुमच्या पुरवठ्यात काडीचाही रस नाही. लुटतात ती माणसं. म्हणून तंबूचं खरं संरक्षण एकच: तो दिसता कामा नये.

लपवायला जागा भरपूर आहे. चेर्नारूसचा नकाशा सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा आहे आणि तो चेक प्रजासत्ताकातल्या उस्ती परिसराच्या खऱ्या भूरूपावरून घडवला आहे. नवी पात्रं दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर येतात, त्यामुळे गर्दी तिकडे. विमानतळ आणि लष्करी तळांकडे जाणाऱ्या वाटाही वर्दळीच्या. रस्ता, विहीर, शिकारी मचाण यांच्यापासून दूर, दाट सूचिपर्णी झाडीत तंबू लावावा. नारिंगी तंबू लांबूनही उठून दिसतो. हिरवा मिळेपर्यंत थांबणं चांगलं. वर कॅमोफ्लाज जाळी टाकता येते आणि ती खरोखर उपयोगाची आहे. लावून झाल्यावर चारही दिशांनी चालत या आणि किती अंतरावरून तंबू ओळखू येतो ते पाहा. बहुतेक जण हे करत नाहीत.

भिंती घालून बेस बांधणं अधिक सुरक्षित, असंही सांगितलं जातं. मोठ्या टोळीसाठी ते खरं असेल. पण भिंत दिसली की आत काहीतरी आहे हे जाहीर होतं आणि स्फोटकं बाळगणाऱ्यांना निमंत्रण मिळतं. एकट्या-दुकट्याने खेळणाऱ्याला मी तंबूच सुचवेन.

गैरसमज: तंबू सहज हलवता येतो, आणि जितका मोठा तितका चांगला.

तंबू गुंडाळता येतो, पण रिकामा असेल तरच. आत एक खिळा जरी राहिला तरी तो बांधता येत नाही. म्हणजे आधी सगळं सामान बाहेर काढायचं, ते कुठेतरी ठेवायचं, मग तंबू उचलायचा. मोठ्या तंबूचं गाठोडं अवजड असतं, शिवाय तो लावायला तितकी सपाट, मोकळी जागा शोधावी लागते, आणि दाट झाडीत नेमकी तीच मिळत नाही. स्थलांतर करायचंच असेल तर जोडीदार किंवा एम३एस ट्रक हवा. दोन्ही नसतील तर नव्या जागी दुसरा तंबू आधी लावा आणि थोडं थोडं सामान तिकडे न्या.

एका मोठ्या तंबूपेक्षा दोन-तीन मध्यम तंबू दूर दूर लपवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एक सापडला तर बाकीचे उरतात, आणि गरज पडली तर एकट्यानेही एखादा हलवता येतो.

गैरसमज: एकदा लावला की कायमचा.

मूळ सेटिंगनुसार ४५ दिवस कोणी हात लावला नाही तर तंबू आतल्या सामानासकट नाहीसा होतो. अधूनमधून जाऊन काहीतरी ठेवलं-काढलं की ही मुदत पुन्हा सुरू होते. खासगी सर्व्हरचालक हा आकडा बदलू शकतात, म्हणून परीक्षा किंवा सुट्टीमुळे खेळ बराच काळ थांबणार असेल तर त्या सर्व्हरवरची मुदत आधीच विचारून घ्यावी.