परवानगी वर्षाची, पदवी आयुष्याची

दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आमच्याकडे रुग्णांच्या बरोबरीने पालकही येऊ लागतात. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी वैद्य हा केवळ चिकित्सक नसतो. मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावे, हेही त्यालाच विचारण्याची रीत आहे. लातूर-उदगीरला दोन वर्षे शिकवणी लावून झालेली असते, गुण थोडे कमी पडलेले असतात, शासकीय महाविद्यालयाचे दार बंद झालेले असते आणि पालकाच्या हाती एखाद्या नव्या खाजगी महाविद्यालयाचे गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रक असते. त्यावर ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. कोणाची मान्यता, कोणत्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी, हे मात्र छापलेले नसते. औषधी दुकानदार बंधूंनाही हा अनुभव नवा नसावा, त्यांच्याकडे डी.फार्म.ची चौकशी करणारे येतात, एवढाच फरक.

अशा महाविद्यालयांवरून गेली चाळीस वर्षे न्यायालयांत खटले चालू आहेत. त्यांतील मुख्य निर्णयांचा आशय व्यवसायबंधूंसमोर ठेवावा, म्हणजे पालकाला उत्तर देताना आपला शब्द अंदाजावर राहणार नाही, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियम १९७० साली झाला. त्याच्या परिशिष्टांत ज्या पदव्यांचा समावेश होता, त्याच मान्य समजल्या जात. आणि अनेक पदव्यांपुढे ‘अमुक सालापासून अमुक सालापर्यंत’ अशी मुदतही लिहिलेली असे. परंतु नवे महाविद्यालय काढण्यापूर्वी केंद्राची परवानगी घेण्याचे बंधन त्या मूळ कायद्यात नव्हते. राज्य शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची संलग्नता मिळाली, की वर्ग सुरू होत. ही उणीव २००३ सालच्या दुरुस्तीने भरून काढली. ७ नोव्हेंबर २००३ पासून कलम १३ अ अन्वये नवे महाविद्यालय, नवा अथवा उच्च अभ्यासक्रम आणि प्रवेशक्षमतेतील वाढ या तिन्हींसाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. कलम १३ क अन्वये जुन्या महाविद्यालयांनाही तीन वर्षांच्या आत ती मागावी लागली.

मधले कलम १३ ब फारसे कोणी वाचत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तेच सर्वांत कठोर आहे. परवानगीविना काढलेल्या महाविद्यालयातून मिळालेली पदवी मान्य धरली जाणार नाही, हे तर त्यात आहेच. पण परवानगीविना वाढविलेल्या जागांवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची पदवीही मान्य धरली जाणार नाही, असे ते कलम सांगत असे. म्हणजे महाविद्यालय जुने, इमारत पक्की, प्राध्यापक नामांकित, आणि तरीही मंजूर ६० जागांच्या पलीकडचा एकसष्टावा विद्यार्थी उघड्यावर! पालक इमारत पाहून येतात आणि समाधान पावतात, त्यांना हे कसे समजावे? १९७० चा हा अधिनियम आता राहिलेला नाही. ११ जून २०२१ पासून त्याच्या जागी राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाचा २०२० चा अधिनियम अमलात आला असून परवानगी देण्याचे काम आयोगाच्या मूल्यांकन व मानांकन मंडळाकडे आहे. यंत्रणा बदलली, पूर्वपरवानगीचे तत्त्व मात्र नव्या कायद्यातही कायम आहे.

ना हरकत प्रमाणपत्र, संलग्नता आणि परवानगी हे तीन वेगळे कागद आहेत. राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे राज्याचा विरोध नाही, एवढेच. संलग्नता म्हणजे विद्यापीठ परीक्षा घेईल. आपल्याकडे १९९८ पासून ते विद्यापीठ म्हणजे नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. परवानगी म्हणजे त्या वर्षी, तेवढ्या जागांवर विद्यार्थी घेण्याचा अधिकार. पहिले दोन कागद दाखवून तिसऱ्याचे काम भागविण्याचा प्रयत्न झाला, की वाद न्यायालयात जातो.

न्यायालयाने काय म्हटले? १९८६ साली आंध्र प्रदेशातील ख्रिश्चन मेडिकल एज्युकेशनल सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे परवानगीविना काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी उभे होते. आम्हाला निदान परीक्षेला बसू द्या, ही त्यांची विनंती. विद्यापीठाने स्वतःचाच कायदा मोडावा, असा आदेश न्यायालय देऊ शकत नाही, असे सांगून ती फेटाळली गेली. विद्यार्थ्यांचा पैसा गेला, वर्षे गेली, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. परंतु विद्यापीठाने वेळोवेळी इशारे दिले असतानाही त्यांनी प्रवेश घेतला, हेही नोंदविले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील तो इशारा किती पालकांनी वाचला असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

त्यानंतरचे दोन निर्णय आपल्याच राज्यातील अध्यापक प्रशिक्षण संस्थांविषयीचे आहेत. दत्तात्रय अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे प्रकरण १९९१ चे. निष्पाप विद्यार्थ्यांच्या दयेपोटी न्यायालये मधे पडतात आणि त्यातून या क्षेत्रात बेशिस्त माजते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. १९९२ साली महाराष्ट्र शासनाच्या अपिलात न्यायालय आणखी पुढे गेले. अमान्य संस्थांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देण्याचा आणि मान्य संस्थांत सामावून घेण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश त्या वेळी रद्द झाला. डी.एड.-बी.एड.च्या त्या दिवसांत मराठवाड्यात काय चालले होते, ते पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकांना आठवत असेल.

आयुर्वेदासाठी सर्वांत महत्त्वाचा निर्णय २०१३ चा. आयुर्वेद शास्त्र सेवा मंडळ विरुद्ध भारत सरकार हे त्याचे नाव, आणि तो मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०११-१२ या वर्षासाठी काही महाविद्यालयांना विद्यार्थी घेण्याची परवानगी ‘आयुष’ विभागाने नाकारली. कारण अध्यापकांची व सोयींची कमतरता. संस्थांचे म्हणणे असे, की त्रुटी आता दूर झाल्या आहेत, तेव्हा मागील वर्षाची परवानगीही द्यावी. वरवर पाहता हे म्हणणे रास्त वाटते. परंतु पुढील वर्षी मिळालेली परवानगी मागील वर्षाला लागू होत नाही, ही उच्च न्यायालयाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. महाविद्यालय अटी पुऱ्या करते की नाही, हे ठरविण्याचे काम तज्ज्ञ यंत्रणेचे आहे, न्यायालयाचे नव्हे, असेही सांगितले. मंगळुरूच्या एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी ११ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने हेच सूत्र पुन्हा सांगितले. २०१८-१९ साठी मिळालेली परवानगी २०१४-१५ साठी चालेल, हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे मत त्या वेळी रद्द झाले.

चिकित्सकाला हे पटण्यास अडचण पडू नये. ज्या वर्षी रुग्णालयात रुग्ण नव्हते, त्या वर्षीच्या विद्यार्थ्याने नाडी कोणाची पाहिली? पुढील वर्षी खाटा भरल्या, म्हणून त्याचे ते वर्ष भरून येत नाही. २०१६ च्या किमान मानकांनुसार ६० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास किमान ३० अध्यापक, बाह्यरुग्ण विभागात दररोज सरासरी १२० रुग्ण आणि निदान ४० टक्के खाटा भरलेल्या लागत. हे आकडे कारकुनी नाहीत. त्यांच्यामागे एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा रुग्ण आहे.

आता अंतरिम आदेशाबद्दल. प्रवेश मिळवून देणारे दलाल पालकांना उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रत दाखवतात आणि ‘कोर्टानेच परवानगी दिली’ असे सांगतात. अंतरिम आदेश म्हणजे याचिकेचा निकाल लागेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था. याचिका फेटाळली गेली, की ती व्यवस्थाही जाते. अर्थात, न्यायालय कधी विद्यार्थ्यांच्या बाजूने हात पुढे करत नाही असे नाही. आयुर्वेद प्रवेशासाठी ‘नीट’मधील किमान पर्सेंटाइलची अट पंजाबातील विनाअनुदानित महाविद्यालयांच्या प्रकरणात २० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, पण उच्च न्यायालयाच्या आदेशाने आधीच प्रवेश घेतलेल्यांना शिक्षण पुरे करू दिले. ती त्या विद्यार्थ्यांपुरती सवलत होती. दलालाच्या तोंडी मात्र तोच नियम होतो.

जुन्या पदव्यांचाही प्रश्न आहे, आणि तो आपल्या भागात नाजूक आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ आणि ‘आयुर्वेद रत्न’ या पदव्या परिशिष्टात १९३१ ते १९६७ एवढ्याच काळासाठी नोंदविलेल्या होत्या. १९६७ नंतरही त्या दिल्या जात राहिल्या आणि त्यांच्या बळावर अनेकांनी दवाखाने थाटले. १ जून २०१० रोजी राजस्थान प्रदेश वैद्य समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की १९६७ नंतरच्या या पदव्यांवर व्यवसाय करता येणार नाही. या पदवीधरांत काही जण परंपरेने चांगले वैद्य होते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्ञान आणि नोंदणी या दोन गोष्टी आहेत. महाराष्ट्रात नोंदणीविना व्यवसाय करणे हा १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खाली कैदेच्या शिक्षेचा अपराध आहे. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात अध्ययन व कर्माभ्यास झालेल्या वैद्याला व्यवसायात शिरण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यायला सांगितले आहे. नोंदणीची कल्पना इंग्रजांनी आणली, असे म्हणणाऱ्यांनी तो अध्याय उघडून पाहावा.

औषधी दुकानदारांसाठी थोडक्यात. फार्मसी शिक्षणाला १९४८ च्या फार्मसी अधिनियमाच्या कलम १२ खाली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्याऐवजी चालत नाही, हे विदर्भातील एका शिक्षण ट्रस्टच्या प्रकरणात ५ मार्च २०२० रोजी ठरले. नव्या महाविद्यालयांवर कौन्सिलने २०१९ साली घातलेली पाच वर्षांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी टिकू दिली नाही, कारण केवळ ठराव करून अशी बंदी घालता येत नाही. बंदी उठली याचा अर्थ निघालेले प्रत्येक महाविद्यालय मान्य झाले, असा नव्हे. दुकानाच्या परवान्यावर ज्याचे नाव लावायचे, त्याची राज्य फार्मसी कौन्सिलकडील नोंदणी पाहिल्याखेरीज काउंटर त्याच्या हाती देऊ नये. आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांचेही तसेच: नियम १५७ नुसार तांत्रिक देखरेखीसाठी पूर्णवेळ व्यक्ती लागते आणि तिची पदवी मान्य असावी लागते. पदवी अमान्य ठरली, तर निर्मात्याचा परवानाच अडचणीत येतो.

एवढे सगळे लिहून आपल्या स्वतःच्या पंक्तीत काय वाढले आहे, ते न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते ३० अध्यापक येतात कोठून? तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या पदव्युत्तर वैद्याचे नोंदणी प्रमाणपत्र मागितले जाते, तपासणीच्या दिवशी ॲप्रन घालून हजर राहा, एवढेच काम सांगितले जाते आणि वर्षभराचे मानधन ठरते. तपासणी पथक गेले, की प्राध्यापक आपल्या गावी परततो. काही वर्षांपूर्वी आम्हालाही अशी विचारणा झाली होती. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही नकार दिला, तेव्हा ‘मग दुसरे कोणी मिळतीलच’ हे उत्तर आले, आणि ते खरेही होते. बायोमेट्रिक हजेरी आल्यापासून हा प्रकार कठीण झाला आहे. संपला असे कोणी म्हणू नये. महाविद्यालयाच्या त्रुटी जेव्हा न्यायालयात वाचल्या जातात, तेव्हा त्यांत ‘अध्यापक प्रत्यक्षात उपस्थित नाहीत’ ही त्रुटी असते, आणि त्या अध्यापकाचा दवाखाना कदाचित आपल्याच गल्लीत असतो.

फसलेल्या विद्यार्थ्याला पैसे तरी परत मिळतात का? पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजने संलग्नता व मान्यता असल्याचे भासवून विद्यार्थी घेतले होते. ग्राहक आयोगाने शुल्क व्याजासह परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश दिला, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे, २०२० साली, शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत असे मत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिले आणि हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयात गेला. एकंदरीत हा मार्ग सरळ नाही. निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याचे वय निघून जाते, ते कोणत्याही आदेशाने परत येत नाही.

म्हणून पालक आले, की आम्ही माहितीपत्रक बाजूला ठेवायला सांगतो आणि त्या शैक्षणिक वर्षाचे आयोगाचे परवानगीपत्र मागतो. त्यावर महाविद्यालयाचे नाव, वर्ष आणि जागांची संख्या पाहतो, आणि आयोगाच्या त्या वर्षीच्या यादीशी ती जुळवून घेतो. प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश कक्षाच्या फेरीतून होत आहे की परस्पर, हे विचारतो. पत्राऐवजी न्यायालयीन आदेशाची प्रत पुढे आली, तर तो आदेश अंतरिम आहे की अंतिम, हे वकिलाला दाखवून येण्यास सांगतो. परगावचे, विशेषतः सीमेपलीकडचे महाविद्यालय असेल, तर तेथील विद्यापीठाच्या संलग्नतेचे पत्रही याच वर्षाचे हवे. पावतीविना रक्कम देऊ नये आणि मूळ गुणपत्रिका दलालाच्या हाती ठेवू नयेत, एवढे सांगून आम्ही पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.