फुकट फोनचे पैसे कोण भरतं?

फिलाडेल्फिया : इथल्या गरीब वस्त्यांत किराणा दुकानाबाहेर किंवा स्टेशनच्या जिन्यापाशी छोटासा तंबू ठोकून दोन-तीन तरुण बसलेले दिसतात. टेबलावर टॅब्लेट, बाजूला मोबाइलच्या खोक्यांची चळत आणि वर मोठ्या अक्षरांत ‘फ्री फोन’. भारतातून नव्याने आलेल्या माणसाला यात हमखास काहीतरी काळंबेरं वाटतं. पण ही सरकारी योजना आहे, चाळीस वर्षं चाललेली. तिचं नाव लाइफलाइन.

१९८४ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. स्थानिक फोनचे दर वाढतील आणि गरिबांचे फोन तुटतील, अशी धास्ती होती. म्हणून १९८५ मध्ये, रेगन अध्यक्ष असताना, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामकाने घरच्या फोनच्या बिलात सवलत सुरू केली. मोबाइल त्यात पुढे आला, आणि २००८ मध्ये, बुश यांच्या कारकिर्दीत, एका कंपनीने या योजनेखाली फुकट मोबाइल द्यायला सुरुवात केली. तरीही लोकांच्या तोंडी नाव बसलं ते ‘ओबामा फोन’. हे नाव चुकीचं तर आहेच, शिवाय अन्यायाचंही आहे. एका नेत्याने मतांसाठी केलेली खैरात, असा अर्थ त्यातून निघतो आणि फोन घेणारा उगाच ओशाळा होतो.

प्रत्यक्षात सरकार फोन विकत घेऊन देत नाही. सरकारी निधीतून महिन्याला ९.२५ डॉलर कंपनीला मिळतात, तेही सेवेसाठी. आदिवासी राखीव भागांत ही रक्कम ३४.२५ डॉलरपर्यंत जाते. हँडसेट कंपनी आपल्या खिशातून देते, कारण ग्राहक टिकला की दरमहा पैसे येत राहतात. हा निधीही प्राप्तिकरातून येत नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या उत्पन्नातला वाटा त्यात भरतात आणि तो ग्राहकांच्या बिलात लावतात. म्हणजे इथे फोन वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण, आम्ही मराठी माणसंसुद्धा, शेजाऱ्याच्या फोनला हातभार लावतो. या पद्धतीला आव्हान दिलं गेलं होतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली.

पात्रतेचे दोन मार्ग आहेत. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं. एकट्या माणसासाठी २०२५ च्या हिशेबाने ते वर्षाला साधारण २१ हजार डॉलर होतं. नाहीतर अन्नसाहाय्य, मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), सरकारी घरकुल अशा एखाद्या योजनेचा लाभ आधीच मिळत असावा. एका कुटुंबाला एकच फोन. मात्र एका पत्त्यावर दोन चुली असतील, तर तसं वेगळ्या फॉर्मवर लिहून देता येतं. बेघरांच्या निवाऱ्यात राहणाऱ्यांना याच तरतुदीचा आधार आहे.

एवढं मिळाल्यावरही निर्धास्त राहता येत नाही. दरवर्षी पात्रता पुन्हा तपासली जाते. फोन सलग तीस दिवस वापरला नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस येते आणि मग सेवा बंद. खोट्या नावांवर सवलत लाटण्याचे प्रकार घडले होते, म्हणून हे नियम कडक झाले, हे मान्य. पण महिनाभर इस्पितळात पडलेल्या माणसाचा फोन यात जाऊ शकतो, आणि इथे फोन गेला की बाकी सगळंच अडतं. नोकरीसाठी बोलावणं फोनवर येतं. मेडिकेडच्या नूतनीकरणाची चौकशी, डॉक्टरची वेळ, निवाऱ्यात जागा झाल्याचा निरोप, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच नंबरवर. रस्त्यावरचे सार्वजनिक फोन तर जवळपास संपलेच. न्यूयॉर्क शहराने आपला शेवटचा सार्वजनिक फोन २०२२ मध्ये उखडून नेला. रेशनकार्ड नसलं की आपल्याकडे गरिबाची जशी दारोदार परवड होते, तशी इथे नंबर नसलेल्याची होते.

म्हणूनच २०२४ मध्ये जे घडलं ते मला अक्षम्य वाटतं. कोविडच्या काळात इंटरनेटसाठी महिन्याला ३० डॉलरची वेगळी मदत सुरू झाली होती. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबं तिचा लाभ घेत होती. अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) नवा निधी मंजूर केला नाही आणि १ जून २०२४ ला ती बंद झाली. उरली लाइफलाइन, २०१२ मध्ये ठरलेल्या त्याच ९.२५ डॉलरची. गेल्या दशकभरातली महागाई पाहता ही रक्कम वाढवायलाच हवी.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. आसपास एखादं वृद्ध किंवा अडचणीतलं माणूस असेल, तर त्याच्याशेजारी बसून हा अर्ज भरून द्या. तो ऑनलाइन किंवा टपालाने करता येतो, आणि त्यासाठी कुणालाही एक पैसाही द्यावा लागत नाही.